हळर्णचा गुरुवार

डिचोलीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर माझा टायपिंगचा क्लास होता. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही शिकवायचे. डिचोलीच्या आणि पेडण्याच्या कितीतरी मुली तिथे बसून गेल्या. काही मामलेदार कचेरीत लागल्या, काही शाळांत, काही बँकांत. मी कडक होते. दोन शब्दांमध्ये दोनदा जागा सुटलेली दिसली की कागद परत. पूर्णविरामाच्या आधी जागा सोडणारी मुलगी मी पाठमोरी असले तरी मला नुसत्या आवाजावरून कळायची.

पुढे यंत्रं गेली, कॉम्प्युटर आले. तेही मी घेतले. पण मग मुलं फोनवर दोन अंगठ्यांनी इतकं भराभर लिहायला लागली की कुठलं बोट कुठे ठेवायचं हे शिकायला कोण येणार? शेवटच्या वर्षी पंखा माझ्या एकटीसाठीच फिरायचा. एका मे महिन्यात मी मालकाला किल्ली दिली आणि कारापूरला घरी येऊन बसले. यजमान निवृत्त होऊन माडांना पाणी घालण्यात रमले होते. मला रमता येईना. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की पाव घ्यायला जायचे ते फाटकाशीच उभी राहायचे. दिसेल त्याच्याशी बोलत.

त्याच सुमाराला मुलाचं लग्न झालं. सून बांद्याकडची. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची. बाहेरच्या खोलीत जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, मेज लावून दिवसभर बसलेली असायची. मी चहा घेऊन जायचे आणि तिच्या खांद्यावरून बघत राहायचे. कुठल्याशा दुकानांच्या विक्रीच्या हजारो ओळी ती एका सॉफ्टवेअरमध्ये ओतायची, आणि ते त्यांचे रंगीत आलेख काढून द्यायचं. एखाद्या पट्ट्यावर बोट टेकवलं की त्याच्यामागे कुठल्या ओळी आहेत त्या उलगडायच्या. मला ते फार आवडायचं. एकदा तिने खुर्ची ओढून दिली.

"आई, हंय बसा. असा उभ्या-उभ्या कित्याक बघतल्यात?"

"अगं, मला कसलं येतंय हे."

"तुम्ही टायपिंग शिकवलात मा? मगे ह्या तुमका कठीण कित्याक जाईत?"

ती शिकवायला बरी होती. माझ्यासारखी कडक नाही. चुकलं की हसायची आणि हात पाठीमागे बांधून उभी राहायची, म्हणजे माऊस माझ्याच हातात राहावा. पावसाळा संपेपर्यंत मी तिच्या जुन्या सरावाच्या फायलींवर आलेख काढायला लागले. यजमान शेजाऱ्यांना सांगायचे, "आमच्याकडे सध्या सासूच सुनेच्या हाताखाली आहे."

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत फिरता दवाखाना चालवणारी एक लहानशी संस्था आहे. एक गाडी, एक ड्रायव्हर, एक नर्स, आणि मधूनमधून जाणारे डॉक्टर. गावोगाव जाऊन रक्तदाब आणि साखर तपासायची, गोळ्या द्यायच्या. संस्थेचे प्रमुख डॉक्टर माझ्या ओळखीचे. कचेरीत अर्धवेळ टायपिंगला कुणी मिळेल का, असं विचारायला ते आले होते.

मी म्हटलं, "टायपिंग कशाला? तुमची माहिती द्या, मी रिपोर्ट काढून देते."

ते माझ्याकडे आणि मग सुनेकडे बघायला लागले. "बाई, तुम्हाला जमतं हे?"

"जमता तेंका," सून म्हणाली.

असं ते काम मिळालं. नर्स गाडीत बसून टॅबलेटवर प्रत्येक रुग्णाची एक ओळ भरायची: तारीख, वेळ, गाव, वय, तक्रार, औषध. तीन वर्षांच्या ओळी साठल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मी आलेख काढला. कुठल्या गावात किती लोक येतात, एका गावाचा एक पट्टा.

समितीच्या बैठकीत तो भिंतीवर दाखवला. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. बैठकीपुढे प्रश्न असा होता: लाटंबार्शाचे लोक बरेच दिवस गाडी मागत होते. काजूच्या बागांत काम करणारी वयस्क माणसं, डिचोलीपर्यंत येणं त्यांना जमत नाही. पण गाडी एकच, आणि आठवड्याचे दिवस भरलेले. नवीन गाव घ्यायचं तर एखादं जुनं सोडावं लागणार होतं. माझ्या आलेखात सगळ्यांत आखूड पट्टा पेडण्याच्या हळर्णचा होता.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "म्हणजे हळर्णला फारसं कुणी येत नाही. तिथलं थांबवायला हरकत नाही."

मागच्या खुर्चीवरून नर्स उठली. ती पेडण्याचीच, आणि माझ्याच क्लासची विद्यार्थिनी. दोन वेण्या घालून यायची तेव्हापासून मी तिला ओळखते.

"बाई, हळर्णात लोक येनात म्हणून कोण म्हणता?"

"मी नाही म्हणत गं. माहिती म्हणते."

"तुमची माहिती गुरुवारी थंय आयिल्ली काय?"

सगळे हसले. ती हसली नाही. "सकाळी गाडी थांबायच्या आधी देवळाच्या भिंतीला धरून रांग लागलेली असते. नदीकाठच्या वाड्यांवरून म्हातारी माणसं चालत येतात. मला थंय पाणी पिऊंक फुरसत मेळना. आणि तुम्ही म्हणता, कोणी नाही?"

डॉक्टर मला म्हणाले, "पुढच्या बैठकीत ठरवू. तोवर तुम्ही एकदा परत बघा, बाई."

घरी येताना बसमध्ये माझे कान तापले होते. मी तपासलं नव्हतं असं थोडंच होतं? त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी येते. किती नोंदी ठीक, किती चुकीच्या, किती रिकाम्या, ते ती सांगते. गावाच्या रकान्यावर ती सबंध हिरवीगार होती. रिकामी नोंद एकही नाही. मी सुनेला ते दाखवलं.

तिने वाकून पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. "आई, खाली बारीक अक्षरात काय लिवलेला आसा?"

मी चष्मा बदलला. तिथे लिहिलं होतं की ही तपासणी पहिल्या हजार ओळींपुरती आहे.

"तां वरच्या हजार ओळी बघता आणि सांगता, सगळा बरा आसा म्हणान. खालची वाचणाच नाय."

आणि वरच्या हजार ओळी होत्या गाडी नव्याने सुरू झाली तेव्हाच्या. तेव्हा गाडी फक्त डिचोलीच्या आसपास जायची, लोकांना ठाऊक नव्हती, नर्सला वेळच वेळ होता. एकेक ओळ तिने मी शिकवलं तशी नीट लिहिली होती. हळर्णचं नावही त्यांत नव्हतं.

सगळ्या ओळी तपास, असं सांगायचं बटण तिथेच होतं. सून कंपनीच्या मीटिंगमध्ये गुंतलेली होती. मी ते बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. मी सोलं भिजत घातली, नारळ फोडून खवला, कढी केली. परत आले तरी चक्र फिरतच होतं आणि लॅपटॉप असा घोंघावत होता की यजमान दारातून विचारून गेले, काय जळतंय का म्हणून.

सुनेने कानांतलं काढलं आणि येऊन बघितलं. "सगळ्या रकान्यांक एकदम विचारलात तुम्ही! औषधा, तक्रारी, सगळाच. तां दमला."

मग तिने मला जे शिकवलं ते आजही रोज उपयोगी पडतं. आधी ठरवायचं की आपल्याला कशाबद्दल शंका आहे. तो एकच रकाना वेगळा काढायचा, बाकीचे बाजूला. मग हजारो ओळी वाचायच्या नाहीत. त्यांत वेगवेगळे शब्द किती ते काढायचे, आणि प्रत्येक शब्द किती वेळा आला ते त्याच्यापुढे मांडायचं. एकच शब्द पाचशेदा आला तरी तपासायचा एकदाच. त्यानंतर प्रत्येक शब्दाची लांबी, म्हणजे अक्षरं किती, त्याचा आणखी एक रकाना. आणि लांबीप्रमाणे उतरंड लावायची.

"आधी सगळ्यांत आखूड बघायचे, मगे सगळ्यांत लांब," ती म्हणाली. "घोटाळे टोकांकच असतत."

डोळ्याचं पातं लवेपर्यंत यादी समोर आली. जेमतेम दोन पडदे भरतील एवढी. तीन वर्षांचा तो डोंगर खाली उतरून एवढासा झालेला पाहून मला हसूच फुटलं.

टोकं राहिली बाजूला, ओळखीची नावं दिसली तिथूनच मी वाचायला लागले आणि पुन्हा माझ्या माडीवर जाऊन बसल्यासारखी झाले. एकेक चूक कशी झाली ते मला दिसत होतं. आमच्याकडे प्रत्येक गावाला दोन नावं. एक तोंडातलं, एक पोर्तुगीजांच्या वेळेपासून कागदावर चालत आलेलं. डिचोली आणि बिचोलिम, पेडणे आणि पेर्णेम, तसं हळर्ण आणि आलोर्ना. नर्सने कधी हे लिहिलं होतं, कधी ते. कधी देवनागरीत, कधी इंग्रजीत. कधी सगळी मोठी अक्षरं. कधी नुसतंच 'किल्ला', कारण पडका किल्ला तिथलाच, आणि घाईत तिला तेवढंच सुचलं असेल. इंग्रजीत सहा अक्षरांचं नाव काही ठिकाणी सात अक्षरांचं निघालं. डोळ्याला काही वावगं दिसत नव्हतं, पण नावानंतर एक जागा सुटलेली होती. टॅबलेटने आपणहून सुचवलेला शब्द स्वीकारला की अशी जागा राहते. मी मनात म्हटलं, हा कागद मी परत दिला असता. सॉफ्टवेअरने परत दिला नव्हता. त्याने त्या प्रत्येकाला एक निराळं गाव धरलं होतं, आणि माझ्या आलेखात आखूड दिसला तो त्यांतला एक तुकडा.

सगळे तुकडे एकत्र केले. पट्टा वाढला, पण रांग लागते म्हणण्याइतका नव्हे. नर्स वाढवून सांगत होती की काय, असंही मला वाटून गेलं.

मग सुनेचं बोलणं आठवून उतरंडीच्या वरच्या टोकाला गेले. सगळ्यांत आखूड शब्द. लांबी एक. तिथे एक टिंब होतं. नुसता पूर्णविराम. गावाच्या जागी.

आणि त्याच्यापुढचा आकडा कुठल्याही गावापेक्षा मोठा होता.

मी नर्सला फोन लावला. "गावाच्या रकान्यात टिंब कसलं गं?"

पलीकडे कसलंसं दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाई, रागावू नका हां."

"बोल तर आधी."

"गाव लिहिल्याशिवाय टॅबलेट पुढे सरकत नाही. लोक दारात उभे असतात, एखादी म्हातारी चक्कर येऊन खाली बसते. मग मी टिंब देते आणि पुढच्याला घेते. शनिवारी कचेरीत बसून भरायचं म्हणते. पण शनिवारी बाकीचीच कामं इतकी असतात की होत नाही. एका टिंबानं काय होणार, असं वाटलं."

म्हणजे जागा रिकामी होती, पण रिकामी दिसत नव्हती. टिंब हाही एक शब्दच, म्हणून हिरवी पट्टी हिरवीच राहिली. मी तिला रागावले नाही. रागावण्यासारखं काय होतं? म्हातारीला उठवायचं की गावाचं नाव लिहायचं, यांत मीसुद्धा म्हातारीलाच उठवलं असतं.

फोन ठेवल्यावर मी त्या टिंबाच्या मागच्या ओळी उलगडल्या. इकडे-तिकडे सगळ्या वारांना थोडी थोडी टिंबं होती. पण ढीग होता तो गुरुवारी. मी सुनेला हाक मारली. आम्ही दोघी पडद्यासमोर उभ्या राहिलो. गुरुवार म्हणजे हळर्ण. जिथे सगळ्यांत जास्त लोक यायचे तिथेच तिला नाव लिहायला वेळ नसायचा, आणि म्हणूनच कागदावर तिथे कुणी येत नव्हतं.

"तेचीच रांग ही," सून म्हणाली.

मी लगेच सगळ्या गुरुवारच्या टिंबांच्या जागी हळर्ण घालायला निघाले होते. तिने माझा हात धरला.

"थांबा आई. गुरुवारी गाडी आणखी खंय जाता?"

जायची. दुपारनंतर पलीकडच्या एका गावात थांबायची. मग आम्ही वेळेचा रकाना घेतला. गाडी दुपारी हळर्णहून निघते, त्याआधीच्या ओळी हळर्णच्या. त्यानंतरच्या दुसऱ्या गावाच्या. निघण्याच्या आसपासच्या काही ओळी कुठल्या ते सांगता येत नव्हतं. सुनेने मला मूळ रकान्याला हात लावू दिला नाही. शेजारी नवा रकाना करायला लावला. जे खात्रीचं ते तिथे लिहायचं, आणि ज्याची खात्री नाही त्याच्यापुढे सरळ 'गाव माहीत नाही' असं लिहायचं.

पुढच्या बैठकीत मी तोच आलेख पुन्हा भिंतीवर लावला. हळर्णचा पट्टा आता वरच्या दोघा-तिघांत होता. शेवटी एक करड्या रंगाचा पट्टा होता.

डॉक्टरांनी विचारलं, "हा करडा कसला?"

"ज्यांचं गाव आपल्याला माहीत नाही, ते."

"काढून टाकला तर? जरा वाईट दिसतं."

"दिसू दे, डॉक्टर. ती माणसं आली होती. त्यांना तपासलंय हिने."

त्यांनी मान डोलावली. हळर्ण थांबवायचा विषय तिथेच संपला. उलट गुरुवारी हळर्णला मदतीला आणखी एक जण द्यायचं ठरलं. नर्स माझ्या शेजारी बसली होती. तिने टेबलाखालून माझा हात दाबला.

पण लाटंबार्शाचं काय, हा प्रश्न तसाच होता. मी म्हटलं, ते बघू. पण आधी टॅबलेटमध्ये गाव लिहायचंच ठेवू नका. गावांची बटणं द्या. नावं दोन असली तरी बटण एकच. नर्सने बोट टेकवायचं आणि पुढे जायचं. टॅबलेटमधलं ॲप ज्याने बनवलं होतं त्याला फोन गेला. त्याला ते मोठं काम नव्हतं.

नर्स म्हणाली, "म्हणजे मला गावं भरायची नाहीत? औषधांचंही असंच केलं तर?"

"तेही करता येईल."

तिने बोटांवर दिवस मोजले. "मग शनिवारी मी कचेरीत बसून करू काय? शनिवार सगळा दुरुस्त्यांतच जातो माझा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ड्रायव्हर दाराशी उभा होता, त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "शनिवारी गाडी शेडमध्येच असते, साहेब."

आणि लाटंबार्शाला शनिवार मिळाला.

बटणं यायला महिनाभर गेला. त्या महिन्यात मी औषधांचा रकाना काढून बसले. एकाच गोळीची इतकी रूपं होती की हळर्ण त्यापुढे काहीच नव्हतं. नर्स संध्याकाळी घरी जाताना फोन करायची आणि आम्ही दोघी एकेक नाव जुळवायचो. एकदा सून पुण्याच्या लोकांशी बोलत होती. त्यांच्याकडे दुकानांच्या पत्त्यांचा काहीतरी गोंधळ झाला होता आणि फाईल उघडायलाच फार वेळ लागत होता. मी चहा घेऊन गेले तर ती पडद्यातल्या मंडळींना सांगत होती, "आधी एकाच अक्षराच्या नोंदी शोधा. आमच्या आईंनी तशीच सगळ्यात मोठी भानगड शोधून काढली." त्यांनी मला नमस्कार केला. मीही हातातल्या कपासकट केला.

लाटंबार्शाला गाडी पहिल्यांदा निघाली त्या शनिवारी मी हट्टाने बरोबर गेले. यजमान म्हणाले, तुझं काय काम तिथे? काम काहीच नव्हतं. मला माणसं बघायची होती. काजूचे दिवस होते. रस्त्याकडेला पडलेल्या बोंडूंचा आंबूस गोड वास गाडीत भरला होता. शाळेच्या आवारात सावलीला गाडी लागली. सुरुवातीला चार-पाच जणच आले, मग बागांतून माणसं यायला लागली, हात चिकाने काळे झालेली. नर्स एकेकाला आत घेत होती, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होती, बटण दाबत होती. मध्येच ती आपल्या बाटलीतलं पाणी प्यायली, सावकाश, आणि माझ्याकडे बघून तिने भुवया उडवल्या.

मी बाहेर दगडावर बसले होते. डोक्यावर पदर घेतलेली एक वयस्क बाई माझ्या शेजारी येऊन टेकली.

"तू दोतोरीण?"

"नाही हो. मी कचेरीत असते. कुठल्या गावचे लोक आले, ते मोजते."

तिने ते नीट ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकून माझ्याकडे वळली. "आमचो वाडो घाल मगे त्यात. हो लाटंबार्सें न्हय. ओहोळाच्या पलतडी आमी. थंयच्यान कोण येवंक शकना, आज हांव एकटीच आयल्यां. घरां आसात थंय, बरींच आसात."

टॅबलेटमध्ये त्या वाड्याचं बटण नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, वाड्याचं नाव काय. तिने सांगितलं. मला नीट समजलं नाही. तिने आणखी एकदा सांगितलं, हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून, आणि मी लिहून घेतलं तेव्हा तिने वाकून बघितलं, वाचता येत नव्हतं तरी. मग मी तिचा हात धरून तिला गाडीच्या पायरीपाशी नेलं. तिचा नंबर आला होता.